बाळंतिणीच्या खोलीतला धूर

दोन हजार नऊच्या जानेवारीतल्या त्या सकाळी रंभा अंगणात बसून ओवा पाखडत होती. सुपाशेजारी वावडिंगाची पुडी, लसणाच्या सालींचं गाठोडं आणि वडशाच्या बाजारातून मुद्दाम आणवलेली राळ हारीनं मांडली होती. सून जया हिचे दिवस भरत आले होते. धुरीचं सामान निवडण्याचं काम रंभा कधीच कोणावर सोपवत नसे.

मोहटोली हे तलावाच्या काठचं ढिवरांचं गाव. घरं जेमतेम चाळीस. धानाचे तुकडे कोणाकोणाकडे होते, पण खरी भिस्त तलावावर. रंभाचा मुलगा हेमराज उजाडायच्या आधीच जाळं खांद्यावर टाकून गेला होता. नवरा वारल्यावर रंभानं त्याला एकटीनं वाढवलं, ते मासळी विकून आणि सुईणपण करून. तीस वर्षांत अर्धं गाव तिच्या हातांत जन्माला आलं होतं. लग्नाच्या मांडवात तिला पाट मिळायचा, आणि वाटेत भेटलेली पोरं तिच्या पाया पडायची. तिच्या हातच्या धुरीचं तर नाव होतं. आजूबाजूच्या गावांतल्या सुईणी येऊन तिला विचारायच्या, राळ किती, ओवा किती, गोवऱ्या कशा रचायच्या.

तिची रीत ठरलेली होती. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पोत्यानं बुजवायची. दाराला गोधडी लावायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची. बारशापर्यंत ती शेगडी विझता कामा नये. विझली तर खोलीत सटवी शिरते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, आणि सासूला तिच्या सासूनं.

दीड वर्षापूर्वी जयाचा पहिला मुलगा याच खोलीत, अकराव्या दिवशी गेला होता. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळण्याची दोरी आणून ठेवली होती. नजर लागली, असं सगळे म्हणाले. रंभाही तेच म्हणाली. जया मात्र त्या दिवसापासून कमी बोलायला लागली होती.

"मामी," जया आतून म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची. "कोनतरी आलं हाये पाहा."

फाटकाशी एक सावळी, उंच मुलगी उभी होती. खांद्यावर कापडी पिशवी, हातात कागदांची पाटी. तिनं आपलं नाव भाग्यश्री सांगितलं. ती मूळची चंद्रपूरची. कोळशाच्या धुळीत वाढलेली, तिथेच शास्त्र शिकलेली. नागपूरच्या एका संस्थेसाठी ती गावोगाव फिरून घरातला धूर मोजत होती.

रंभाला हसू आलं. "धूर मोजते? अवं, धूर का मासोळी हाय तराजूत टाकाले?"

भाग्यश्रीनं पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढलं. त्याला रबराची नळी आणि नळीच्या टोकाला डबीत बसवलेला गोल पांढरा कागद. "रंभाबाई, हा पंप दिवसभर हवा ओढतो. जाड राख अलीकडेच अडते. फक्त एकदम बारीक कण कागदावर जाऊन बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत असे. खोकल्यानं बाहेर न पडता छातीत खोल जाऊन बसतात ते."

स्वयंपाकघरात लावायला रंभानं हरकत घेतली नाही. पण बाळंतिणीच्या खोलीचं नाव निघताच ती उठून उभी राहिली.

"तिथी नाई. परक्या वस्तूची सावली नाई पडू देत आमी."

"मामी, लावू द्या," जया दाराला टेकून म्हणाली. पोट सावरत ती पुढे आली. "माह्या बाजेपाशी लावा."

सासूच्या शब्दापुढे जया कधी गेली नव्हती. रंभानं तिच्याकडे रोखून पाहिलं. भाग्यश्रीला वाटलं आता आपल्याला हाकलणार. ती हळूच म्हणाली, "खोली चांगली निघाली तर तसंही लिहीन मी. तुमच्या नावासकट."

या शब्दानं रंभा थांबली. आपली धुरी हवा शुद्ध करते यावर तिचा पक्का भरवसा होता. ते कागदावर सरकारी अक्षरात आलं तर कोणाला नको आहे? "लाव मंग," ती म्हणाली. "पन माह्या धुरीत काई खोट निंघाली तं मले तोंडावर सांगजो."

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी जया बाळंत झाली. मुलगी झाली. रडणं खणखणीत होतं. रंभानं नाळ कापली, पोर पुसली, आणि तिच्या कानशिलाला गाल लावून क्षणभर डोळे मिटले. मग लगेच कामाला लागली. खिडकीत पोतं कोंबलं, शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर मूठभर ओवा आणि राळ टाकली. खोली पांढरी झाली. जया खोकली.

"खोकलू दे," रंभा म्हणाली. "आंग मोकळं होते."

बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी भाग्यश्री आली आणि बाजेच्या उशाशी खिळ्याला पंप टांगून गेली. दुसऱ्या सकाळी तिनं ती डबी अंगणात उन्हात उघडली. आत ठेवताना कागद शुभ्र होता. आता तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. तिनं स्वयंपाकघरातला कागद शेजारी ठेवला. तो चहाच्या रंगाचा होता.

रंभा वाकून बघत राहिली. तिचा चेहरा हलला नाही, पण हातातला झाडू तिनं खाली ठेवला.

"नेमका आकडा नागपूरला वजन केल्यावर कळेल," भाग्यश्री म्हणाली. "पण रंभाबाई, हे एका दिवसाचं आहे. बाळ तिथे बारा दिवस राहणार."

"हे सरकारी हिशेबानं जास्त हाय का कमी?"

भाग्यश्री अडखळली. तिच्या नोंदपत्रकात शेवटी एक रकाना होता: मानकापेक्षा जास्त की कमी. तिनं खरं ते सांगितलं. "घरातल्या हवेसाठी सरकारचं मानकच नाही. जे आहे ते बाहेरच्या हवेचं, आणि तेही जरा मोठ्या धुळीचं. वस्तीत एका घनमीटर हवेत शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. कारखान्यांच्या भागात दीडशेपर्यंत. इतक्या बारीक कणांचा आकडाच अजून ठरलेला नाही."

"कारखान्यापाशी जास्त चालते? काऊन? तिथल्या मानसाची छाती येगळी असते का?"

भाग्यश्रीचं स्वतःचं घर त्या दीडशेच्या भागात होतं. बाप दहा वर्षांपासून खोकत होता, आणि कागदोपत्री तिच्या गल्लीतली हवा बहुतेक दिवस 'मर्यादेत' असायची.

रंभानं झाडू पुन्हा उचलला. तिच्या आवाजात आता धार आली होती. "म्हंजे सरकारनं कुठीच लिवलं नाई का बाळंतिणीच्या खोलीत धूर नाई पायजे. नाई ना लिवलं? मंग तू कोन सांगनारी? कागद काळा झाला तं झाला. चुलीपाशी भिंतबी काळी होते."

भाग्यश्रीनं यंत्र आवरलं. जाताना मात्र ती दारातच थांबून, रंभालाही ऐकू जाईल अशी, जयाशी बोलली. बाळाचा श्वास मोजायचा. शांत असताना, पोटाकडे बघून. घड्याळाच्या एका मिनिटात साठपेक्षा जास्त झाले तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

"आमच्या घरी घड्याळ नाई," जया म्हणाली.

"मी नवव्या दिवशी येते परत. दुसऱ्यांदा मोजायचंच आहे."

पुढचे दिवस रंभानं धुरी कमी केली नाही. उलट दर वेळी चिमूटभर जास्तच टाकली, जणू कोणाशी तरी पैज लागली होती. पण तिचं लक्ष उडालं होतं. खोलीत शिरताना आपले डोळे चुरचुरतात हे तिला तीस वर्षांत पहिल्यांदा जाणवलं. बाहेर येऊन तिनं नाक शिंकरलं तर पदराला काळं लागलं. तिनं तो पदर मुठीत दाबून धरला आणि कोणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

आठव्या दिवशी पोर नीट प्यायली नाही. नवव्या दिवशी सकाळी तिनं स्तन तोंडात धरलाच नाही. रडणं बारीक झालं होतं. जयानं दुपटं बाजूला केलं. पोरीच्या बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"मामी, पाहा ना जरा."

रंभानं पाहिलं. "कफ झाला हाये. सुटन आता." तिनं राळेच्या पुडीला हात घातला.

जयानं तिचं मनगट धरलं. "मागच्याचंही असंच झालं होतं."

"सोड."

"असंच पोट आत जात होतं. असेच नाकाचे सोर फुगत होते. तवाही तुमी राळ वाढोली. म्या पायलं होतं, मामी. म्या बाजेवरून सारं पायलं होतं."

जयाच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच रंभाला तो सोसला नाही. तो दिवस तिलाही आठवत होता. त्या पोराच्या नाकपुड्या फुगायला लागल्यावर तिनं दाराची गोधडी आणखी घट्ट केली होती आणि सबंध दुपार स्वतः शेगडीशी बसून धुरी दिली होती. संध्याकाळी पोर निपचित पडलं, तेव्हा तिला वाटलं कफ सुटला, झोपलं. दीड वर्ष ती ही आठवण मनाच्या तळाशी दडपून होती.

बाहेर भाग्यश्रीची हाक आली. रंभा बाहेर गेली आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन आली.

"मोज," ती म्हणाली. "तुह्या घड्याळावर मिनिट मोज. पन आकडा तू नको सांगू. दम मी मोजतो."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मासळी मोजायची ती विसाविसानं. तिनं फडताळातून ओंजळभर चिंचोके घेतले. गोधडी वर करून दारातून उजेड आत घेतला. पोरीचं पोट वर आलं की एक चिंचोका पितळी ताटात पडे. टक्. टक्. टक्. भाग्यश्री घड्याळाच्या काट्याकडे बघत होती. चिंचोके इतके भराभर पडत होते की रंभाची बोटं मागं पडायला लागली.

"थांबा. झालं मिनिट."

रंभानं ढीग पाडले. एक वीस. दुसरा वीस. तिसरा वीस. मागं उरलेले तिनं एकेक करून सरकवले. चौदा.

"तीन विसा किती होतात?" तिनं विचारलं.

"साठ."

"तं चौदा जास्त हाये."

ती उठली. बाजेखालची शेगडी दोन्ही कडांनी धरून बाहेर ओढली. फडक्याशिवाय. तळहात चटकले, पण तिनं सोडली नाही. तशीच अंगणात आणून ठेवली.

अंगणात तेव्हा मुखरूची आई पाण्याची घागर घेऊन उभी होती. शेजारीण, रंभाच्याच वयाची, जन्मभराची सोबतीण. ती किंचाळली. "रंभे! येडी झाली का वं? नवव्या दिवसाची शेगडी भायेर?"

तिच्या ओरडण्यानं माणसं जमली. तलावावरून हेमराज ओल्या धोतरानं धावत आला. बापूजीही आले. ढिवर समाजातले जुने, मान असलेले गृहस्थ. त्यांच्या शब्दावर गावातली लग्नं ठरत आणि मोडत.

"रंभाबाई," बापूजी काठी टेकवत म्हणाले, "शेगडी आत ने. अजून निखारा जिता हाय. कोनी काई बोलनार नाई."

"लेकरू दवाखान्यात न्याचं हाये, भाऊ."

"ने ना. कोन नाई म्हनते? पन बारशापयले बाळंतीन आन लेकरू उंबऱ्याभायेर निंघत नाई, आन शेगडी इझत नाई. दवाई इथी आना. तूच जर रीत मोडली तं गाव कोनाकडे पायन? आमी तुह्या घरच्या बारशाले पाय ठेवनार नाई. आन उद्या कोनी तुले बाळंतपनाले बलावनार नाई, हेबी समजून घे."

हेमराज आईकडे बघत होता. एक मूल त्यानं स्वतःच्या हातानं पुरलं होतं. पण बापूजींसमोर त्याची जीभ उचलत नव्हती. "माय," तो कसाबसा म्हणाला, "तीन दिवस राह्यले फक्त…"

"मागच्याले येकच दिवस राह्यला होता," रंभा म्हणाली.

मुखरूच्या आईच्या डोक्यावरची घागर तिनं उतरवून घेतली आणि सबंध शेगडीवर उपडी केली. चर्र असा आवाज झाला. राख उडाली. वाफेचा लोट सगळ्यांच्या अंगावर आला. माणसं मागं सरकली. त्या वाफेत उभी राहून रंभा खोलीच्या दाराकडे वळली.

"जया, पोरीले घे. चाल."

जया उंबरा ओलांडून उन्हात आली तेव्हा तिनं डोळ्यांवर हात घेतला. नऊ दिवसांत तिनं ऊन पाहिलं नव्हतं. कोणी वाट अडवली नाही, पण कोणी सोबतही आलं नाही. फाट्यापर्यंत तीन बायका चालत गेल्या. अर्ध्या वाटेत मागून पावलं वाजली. हेमराज होता. त्यानं बायकोच्या हातातून पोर घेतली आणि लांब ढांगा टाकत पुढे निघाला.

वडशाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला बघताक्षणी प्राणवायू लावला. तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, एवढंच ते म्हणाले. सहा दिवस सुया चालल्या. सहाही दिवस रंभा बाहेरच्या बाकावर बसून होती. तळहातांवर फोड आले होते. ते तिनं कोणाला दाखवले नाहीत.

सातव्या दिवशी पोर पोटभर प्यायली आणि झोपली. जयानं तिला मांडीवर घेतलं होतं. रंभा येऊन खाटेच्या पायथ्याशी खाली बसली.

"पोरी," तिनं भेटायला आलेल्या भाग्यश्रीला विचारलं, "माहा नातू धुरानं गेला का?"

भाग्यश्रीला खोटं बोलवेना. "नक्की कोणालाच सांगता येणार नाही, रंभाबाई. पावसाचे दिवस होते, बाळ लहान होतं. पण एवढा धूर छातीत गेला की फुफ्फुसं लवकर सुजतात, आणि सुजल्यावर धुरी दिली की…"

रंभानं मान हलवली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "जया, त्याले नजर नवती लागली. म्या देल्ला तो धूर. म्याच."

जयाला क्षमा करणं इतकं सोपं नव्हतं, आणि तिनं तसं दाखवलंही नाही. फक्त थोड्या वेळानं तिनं झोपलेली पोर उचलून सासूच्या मांडीवर ठेवली.

बापूजी बोलले ते खरं झालं. बारसं महिन्यानं झालं, त्याला चार घरची माणसंही आली नाहीत. पोरीचं नाव घरच्यांनीच ठेवलं: कांचन. पुढच्या दहा महिन्यांत मोहटोलीत पाच बाळंतपणं झाली. रंभाला कोणी बोलावलं नाही. पलीकडच्या गावची सुईण यायची. आपल्याच घरावरून तिला जाताना पाहून रंभा दार लावून घ्यायची. विहिरीवर बाया तिची बादली आधी भरू देत, म्हणजे ती लवकर जावी. मुखरूच्या आईनं तर बोलणंच टाकलं होतं.

फेब्रुवारीत त्या काळ्या कागदाचा आकडा आला होता. एका घनमीटर हवेत अठराशे चाळीस मायक्रोग्रॅम बारीक कण. भाग्यश्रीनं तो मोठ्या आशेनं अहवालात घातला. संस्थेतल्या वरिष्ठांनी तो काढून मागच्या परिशिष्टात टाकला. "मानकच नाही, मग जास्त कशाच्या तुलनेत म्हणणार? असा आकडा छापला तर लोक आपल्याला हसतील," ते म्हणाले. भाग्यश्री भांडली. शेवटी तिनं त्या पानाची एक प्रत काढून स्वतःजवळ ठेवली.

डिसेंबरात ती पुन्हा मोहटोलीला आली. कांचन अंगणात रांगत होती. रंभा पांदीतून सरपण आणून उतरवत होती.

"रंभाबाई, नवं मानक आलं," भाग्यश्री धावत येत म्हणाली. "गेल्या महिन्यात. बारीक कणांचा आकडा पहिल्यांदाच ठरला. दिवसाच्या सरासरीला साठ. आणि वस्तीत वेगळा, कारखान्यापाशी वेगळा, हे आता गेलं. सगळ्यांना एकच. आता माझा तक्ता अहवालात घेतायत. तुमच्या खोलीतला धूर साठाच्या तीस पट होता!"

तिला वाटलं रंभा आनंदेल. रंभा मात्र सरपणावर बसली.

"मंग मांगच्या पुस महिन्यात थो तीस पट नवता का?"

"होता. पण तेव्हा आकडा…"

"धूर तं थोच होता, पोरी. लेकराची छाती थेच होती." तिनं कांचनला उचलून घेतलं. "आन आता घरात किती चालते म्हनते तुहं सरकार?"

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. "हे मानकही बाहेरच्याच हवेचं आहे. घरातल्या हवेचं अजून काही नाही."

"म्हंजे उंबऱ्यापावतोरच." रंभा उठली. कांचनला जयाकडे दिलं. "मुखरूची बायको काल बाळंत झाली. चाल माह्यासंगं. तुहं घड्याळ घे."

मुखरूच्या अंगणात चार-पाच माणसं बसली होती. बापूजीही होते. आतल्या खोलीच्या दाराला गोधडी लावलेली होती आणि तिच्या कडांमधून धूर बाहेर येत होता. मुखरूची आई दारात आडवी उभी राहिली.

"इथी कायले आली? तुह्या घरची रीत तू मोडली. आमची नको मोडू."

"माही रीत हाये ती," रंभा म्हणाली. "तुमच्या साऱ्यायच्या घरी म्याच आनली. म्हनून आली."

बापूजी काही बोलणार होते, पण रंभा थांबली नाही. तिचा आवाज मोठा नव्हता. "आयका. माहा पयला नातू म्या धुरात ठेवला. त्याचा दम लागला तं आखीन धूर केला. नजर लागली म्हनून तुमाले सांगतलं. माह्या घरचं मले येवढंच ठाव हाये. दुसरीले भायेर काढली, तं ते रांगून राह्यली. पायाचं असन तं चाला."

आत नवं बाळ खोकलं. इवलासा, शिंकेसारखा आवाज.

मुखरूच्या आईचा चेहरा बदलत गेला. मुखरूच्या पाठची तिला एक मुलगी झाली होती. पंचवीस वर्षांपूर्वी, रंभाच्याच हातांत. सातव्या दिवशी गेली. तिच्याबद्दल त्या दोघी सोबतिणी कधीही बोलल्या नव्हत्या.

"रंभे," तिनं अगदी हळू विचारलं, "माही पोरगी… थेबी धुरानं गेली का वं?"

भाग्यश्रीला वाटलं, रंभानं आता नाही म्हणावं. म्हाताऱ्या बाईला एवढं तरी ठेवावं. किंवा हो म्हणून एकदाचा वाद जिंकावा.

"मले ठाव नाई," रंभा म्हणाली. "नाई म्हनून सांगता येत नाई, आन व्हय म्हनूनबी नाई. पन तिच्या खोलीतली शेगडी म्या पेटोली होती. येवढं मातर ठाव हाय."

मुखरूच्या आईनं चौकटीला हात लावून आधार घेतला. बापूजी काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. त्यांनाही दोन मुलं लहानपणीच गेली होती, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सरकारच्या कागदावर घरातल्या धुराचा रकाना त्या दिवशीही कोराच होता. तो कधी भरेल, किती आकडा लिहिला जाईल, आणि तोवर किती खोल्यांना गोधड्या लागतील, हे त्या अंगणात कोणालाच सांगता आलं नसतं. पण शेजारच्या खोलीत मूल खोकत असताना आकड्याची वाट बघत बसणाऱ्यांत आपणही आहोत का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारायचं.

आत बाळ पुन्हा खोकलं.

मुखरूची आई दारातून बाजूला झाली. "आत ये," ती म्हणाली. "पन शेगडीले तूच हात लाव. माह्यानं नाई होत."

रंभानं पदर कमरेला खोचला, गोधडी हातानं बाजूला सारली आणि धुरात शिरली.